डबीवर न लिहिलेला आकडा

मित्रांनो, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून पडलेला हा जुना टेप ड्राइव्ह म्हणजे मी. चुंबकीय फितीवर माहिती लिहायची आणि मागाल तेव्हा वाचून द्यायची, एवढेच माझे काम.

भूजल कार्यालयातले माझे पहिले दिवस फार वाईट गेले. फितीवर माहिती तुकड्यातुकड्यांनी लिहितात. त्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. तिथे तो इतका लहान ठेवला होता, की मी जरासा पळायचो, थांबायचो, मागे यायचो, पुन्हा पळायचो. फीत झिजायची आणि तुकड्यांमधल्या रिकाम्या जागेतच निम्मी संपायची.

मग प्रोग्रामरताई आल्या. "अहो, किती दमवताय याला!" म्हणाल्या आणि त्यांनी ब्लॉक चांगला मोठा केला. मी एका दमात धावू लागलो. सगळ्यांनी माझे कौतुक केले.

अशाच मोठ्या ब्लॉकच्या एका फितीवर टायपिस्टकाकांचे अकरा वर्षांचे काम लिहिले गेले. शेकडो विहिरींची पाणीपातळी त्यांनी जीर्ण वह्यांमधून टाइप केली होती. वह्या मग रद्दीत गेल्या. ताईंनी फितीच्या डबीवर तारीख घातली, ब्लॉकचा आकार मात्र लिहिला नाही. "माझ्या लक्षात आहे की!" म्हणाल्या. पुढे त्यांची बदली झाली.

काही वर्षांनी नव्या ऑपरेटरने ती फीत वाचायला घेतली. वाचलेला तुकडा ठेवायला त्याने संगणकात जागा दिली लहान ब्लॉकची. फितीवरचा मोठा तुकडा तिच्यात मावेना. मी नुसता चुकीचा इशारा दिला. जागा वाढव, हे सांगायला मला तोंड कुठे होते?

"यातली माहिती खराब झालीय. फीत परत वापरून टाकू," तो म्हणाला. आणि मित्रांनो, मीच तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत हजेरीपत्रके लिहिली.

महिन्याभरात निवृत्त झालेले टायपिस्टकाका आले. एका वस्तीला नवी विहीर खोदायची होती. जुनी पातळी हवी होती. घाबरलेल्या ऑपरेटरने ताईंना फोन लावला.

"अहो, ब्लॉक मोठा होता! जागा वाढवून पाहायचीत ना!" ताई ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "चूक माझीच. लिहायला हवं होतं मी."

काका रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "साधारण आठवतं मला. पण साधारण आठवणीवर विहीर कशी खोदायची?"

मित्रांनो, आपले काम पुढच्या माणसाला उघडता येईल, एवढ्या दोन ओळी लिहून ठेवत जा. मी अजून धावू शकतो. काकांचे आकडे मात्र आता माझ्याकडे नाहीत.