घाटातली घोडी

तिसऱ्या वळणावर वेंडेलने पुन्हा एक्सलरेटरवरचा पाय उचलला. इंजिनाची किंकाळी खाली आली आणि तिच्यासोबत वेगही. खडीच्या ट्रकने त्यांना मागे टाकलं. मग शाळेच्या बसने. मग टपावर बाथटब बांधलेल्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने, हात हलवत.

"दाब रे!" शेजारून त्याची बायको लोरेटा म्हणाली. "इंजिन आहे ते, माझी आई नाही. ओरडलं तरी चालतं."

वेंडेलचा स्वतःचा डिझेल ट्रक दुरुस्तीसाठी गॅरेजात खोलून पडला होता. हा लोरेटाच्या भावाचा, पेट्रोलवरचा. डिझेल चढावर गुरगुरतं, आणि वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात ताकद गुरगुरण्यावरून मोजत. पेट्रोलवर घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्याला वेंडेल चर्चमध्ये बाकावर सरकून जागासुद्धा देत नसे. हे दांडगं इंजिन मात्र फेऱ्यांचा काटा पाच हजारांवर गेल्याशिवाय ओझं ओढायला तयार नव्हतं, आणि तिथं पोचलं की बोंब ठोकायचं. "बोंबलू दे," मेहुण्याने किल्ली देताना बजावलं होतं. "तशीच त्याची बनावट आहे."

मागच्या ट्रेलरमध्ये डेप्युटी होती. घोडीला हे नाव कोणी दिलं, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नव्हतं. तिचं आतडं पिळलं होतं. ऑपरेशन घाटापलीकडे, तेही दुपारच्या आत पोचली तर.

वेंडेलने दाबलं. काटा चढला. अर्ध्या मैलावर पाय पुन्हा वर.

"अरे, फुटलं तर माझा भाऊ रडेल, तू कशाला घाबरतोस?"

"इंजिनाला काही होत नाही. ठाऊक आहे मला."

"मग?"

तो मान किंचित मागे कलती करून बसला होता. ट्रेलरच्या पत्र्यावर धाडकन लाथ बसली. त्याने लगेच पाय दाबला.

"हे बोंबलायला लागलं की ती ऐकू येत नाही!" तो ओरडला. "डॉक्टर म्हणाली, लाथा मारतेय तोवर आशा आहे. एकदम गप्प झाली, तर आतडं फाटलं समजा."

लोरेटाने समोरच्या चढाकडे पाहिलं. मग काच खाली केली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली. तिची टोपी दरीत गेली. तिने टोपीकडे पाहिलंही नाही.

"मारतेय!" ती ओरडली. "दाब तू!"

काटा पाच हजारांवर जाऊन तिथंच थरथरत राहिला.

"मारतेय!"

पुढच्या वळणावर पुन्हा, "मारतेय!"

त्या किंकाळीत शेजारी बंदूक सुटली असती, तरी कळलं नसतं. वेंडेलने काही विचारलं नाही. पाय उचलला नाही.

माथा दिसू लागला. त्यापुढे उतार होता, आणि उतारावर इंजिन गप्प होणार होतं. लोरेटा आत आली, काच न लावता बसली. तिचे ओठ गारठून निळे पडले होते.

"सांगत राहा," वेंडेल म्हणाला.