उजव्या दाराचा रंग

लिलावघराच्या मागच्या शेडमध्ये त्याला सगळे 'खुसपटराव' म्हणायचे. सुरुवातीला ते त्याला झोंबायचं, आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं. जुन्या मोटारींची खुसपटं काढणं हीच त्याची नोकरी होती. गाडी लिलावात उभी राहण्याआधी तो तिच्याखाली पुठ्ठा अंथरून आडवा व्हायचा, पत्र्यावर चुंबक फिरवायचा, पायाखालचे गालिचे उचलून ओल लागते का बघायचा, आणि मग गाडीची अवस्था आणि श्रेणी लिहून द्यायचा. त्या लिहिण्यावर पुढचं सगळं ठरायचं. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन गाड्या असाव्यात. एकीचा रंग उडालाय पण मूळचा आहे, इंजिन जन्मापासूनचं आहे, तर तिच्यासाठी माणसं इरेला पेटायची. दुसरी आरशासारखी चमकत असली तरी पत्र्याआड पुट्टी भरलेली निघाली, की तीच माणसं घड्याळं बघू लागायची. मालक मात्र सगळे सारखेच. गाडी आणताना कौतुकाने आणायचे, आणि जाताना त्याच्याकडे असं बघायचे, जणू गंज त्यानेच लावलाय.

आताशा त्याचे गुडघे कुरकुरत होते. गाडीखालून उठताना बंपर धरावा लागायचा. अशाच एका सकाळी तो धापा टाकत उठला, तर समोर थोरला भाऊ उभा. मागे त्याची हिरवी गाडी.

दादाने ती गाडी तरुणपणी भंगारातून आणली होती. नोकरी सांभाळून, सुट्टीचा दिवस अन् दिवस खपून त्याने ती उभी केली. पोरं लहान असताना ती बापाला गॅरेजच्या दारात बघूनच ओळखायची, असं वहिनी चेष्टेने म्हणायच्या. त्या चेष्टेत थोडं खरंही होतं. आता दादाची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली होती, आणि घर सोडून दोघं मुलीजवळच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होते. आजही गाडी मुलीनेच चालवत आणली आणि ती कामावर निघून गेली.

"बारक्या, तूच बघ," दादा म्हणाला. "परक्याचा हात नको."

तो थेट लिलावघराच्या मालकिणीकडे गेला. "मॅडम, भावाची गाडी आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दुसरा कंबर धरून घरी पडलाय," ती कागदांतून मान वर न करता म्हणाली. "आणि तू कुणाला सवलत देशील, अशी साधी अफवासुद्धा पसरायची नाही. भाऊ आहे, हे अहवालात वर लिहून टाक आणि काम उरक."

त्याने पुठ्ठा अंथरला. इंजिन लख्ख होतं, वायर न् वायर जागच्या जागी. त्याला अभिमान वाटला आणि थोडं हलकंही. मग त्याने पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला, दिवा आत धरला, आणि बराच वेळ तिथेच थांबला. चासीवर, गाडीच्या मूळ सांगाड्यावरच, आडवा जोड होता. घासून, रंगवून बेमालूम केलेला, पण जोडच. पुढचा अर्धा एका गाडीचा, मागचा अर्धा दुसऱ्या गाडीचा.

"दादा, हे तुला माहीत होतं?"

दादा स्टुलावर बसला होता. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मीच केलंय. मागचा भाग कुजून गेला होता. दुसरीचा आणून जोडला. इतकी वर्षं चालवली, केसभर हलला नाही."

"हलला नाही, हे दिसतंच आहे. पण लिहावं लागेल."

"म्हणून तर तुझ्याकडे आणली ना," दादा हळूच म्हणाला.

ते वाक्य ऐकून तो नुसता थकला. दिवसभर ओझी वाहिल्यासारखा. राग आला असता तर बरं झालं असतं. "पैशांसाठी नाही रे," दादा पुढे म्हणाला. "पहिली श्रेणी असं एकदा लिहिलेलं बघायचं होतं. एवढा जीव ओतला, कुणीतरी म्हणावं की ही पहिली श्रेणी."

"उद्या घेणाऱ्याने भरधाव घेतली, आणि जोड सुटला तर?"

"माझा जोड सुटायचा नाही."

"मला ठाऊक आहे. पण घेणाऱ्याला ठाऊक हवं."

दादा उठून रिक्षा बघायला गेला. धाकटा तसाच उभा राहिला, आणि तेव्हाच, ऊन गाडीच्या कुशीवर पडलेलं असताना, त्याला उजवं दार दिसलं. बाकी गाडी गर्द हिरवी, आणि दार निळसर झाक मारणारं. दादाने ते अलीकडेच रंगवलेलं असणार. त्याला ते कळलंच नसणार. जोड त्याने जाणूनबुजून लपवला होता. हे मात्र त्याच्या डोळ्यांनी त्याच्यापासूनच लपवलं होतं.

त्याने दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि तिसरी श्रेणी दिली.

लिलावाच्या आदल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. त्यांनी अहवाल वाचलाय, हे आवाजावरूनच कळत होतं.

"भाऊजी, जोडाचं लिहिलंत, ते बरोबर केलंत. मी यांना तेच म्हणाले. पण रंगाचं कशाला लिहिलंत?"

"वहिनी, मी लिहिलं नसतं तरी लोकांना दिसलंच असतं."

"लोकांना दिसलं असतं हो. यांना दिसत नव्हतं ना. मी सहा महिने तोंड मिटून होते. आता रंगाचा उरलेला डबा उन्हात नेऊन बघत बसतात. मला विचारतात, हा हिरवा आहे ना गं? काय सांगू?"

"या रविवारी येतो," एवढंच तो म्हणाला, आणि गेला नाही. जाऊन काय बोलायचं होतं?

लिलावाच्या दिवशी दादा एकटाच आला, मागच्या रांगेत बसला आणि भावाकडे बघितलंसुद्धा नाही. हिरव्या गाडीच्या आधी तिच्याच जातीची एक गाडी आली. मळकी, टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली. पण कुणी कधी हात न लावलेली. तिच्यावर दोन संग्राहक अटीतटीने बोली वाढवत राहिले, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मग हिरवी आली. धुतलेली, पुसलेली, नव्या नवरीसारखी. बोली दोन-चार पावलं चालली आणि बसली. मळक्या गाडीच्या निम्म्यालाही पोचली नाही. हातोडा पडला. दादाने मान खाली घातली नाही. तो समोर बघत राहिला. त्याला किती दिसत होतं, देव जाणे.

गाडी घेतली एका बेकरीवालीने. चाळिशीची, धिप्पाड, मोठ्याने बोलणारी बाई. ती अहवाल हातात नाचवत थेट शेडमध्ये आली.

"हे लिहिलंय कुणी?"

"मी," तो म्हणाला आणि भांडणाच्या तयारीने उभा राहिला.

"छान केलंत. पहिल्या श्रेणीची गाडी मला परवडली नसती, आणि परवडली असती तरी भीतीने झाकून ठेवली असती. ही मी चालवणार. पहाटे पाव पोचवायला नेणार. आता सांगा, हा जोड कुणी मारलाय? माझ्या मेकॅनिकने खालून बघितलं. म्हणतो, असं काम आता कुणी करत नाही."

त्याने शेडच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या दादाकडे बोट दाखवलं.

दादा काठी टेकत जवळ आला. बाईने विचारलं, पावसात चालेल का? थंडीत सुरू व्हायला कटकट करते का? चोक किती ओढायचा? दादा आधी एकेका शब्दात बोलला. मग बोनेट उघडायला लावलं, तिचा हात धरून कुठली नळी सैल होते ते चाचपून दाखवलं, आणि मग थांबेचना. शेवटी स्वतःच म्हणाला, "उजवं दार वेगळ्या रंगाचं आहे म्हणतात. मला दिसत नाही."

"आहे खरं," बाई म्हणाली. "असू दे की. गर्दीत माझी गाडी पटकन सापडेल."

दादा हसला नाही, पण दारावरून एकदा हात फिरवला. बाईने गाडी सुरू केली, दोनदा बंद पाडली आणि घेऊन गेली.

शेड रिकामी झाली. दोघं भाऊ तिथे उरले. दादाला घरी न्यायला कुणी आलं नव्हतं.

"चल, सोडतो," तो म्हणाला.

वाटेत माफी मागावी असं त्याच्या मनात आलं, पण कशाची, ते ठरेना. चौकात सिग्नलला गाडी थांबवली तेव्हा दादा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "तुझा मागचा ब्रेक घासतोय."

"हो. वेळच मिळत नाही."

"सकाळी आण. गॅरेज अजून रिकामं केलेलं नाही." मग दादा म्हणाला, "दिसत नसलं तरी ऐकू येतं मला. तू दिवा धर."

दिवा हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला. त्याने गियर टाकला आणि दुखरा गुडघा सांभाळत गाडी पुढे काढली.