तक्ता करून देऊ का?

वाचताना पियुषचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि आवाजाच्या एक शब्द मागे राहत होतं. मधुवंतीने ते पहिल्याच परिच्छेदाला टिपलं. स्वतः लिहिलेलं वाचणाऱ्याला बोटाचा आधार सहसा लागत नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ती वनस्पतिशास्त्र शिकवत होती. पियुषच्या सेमिनारचा विषय होता झाडांच्या पानांवर साचणारी धूळ. एआयकडून कुणी लिहून आणू नये म्हणून विभागप्रमुख गिरिधर सरांनी सगळ्यांना सेमिनार हाताने लिहायला लावले होते. पियुषचं अक्षर सुरेख होतं. शेवटची ओळही त्याने त्याच संथ सुरात वाचली.

“आपल्याला हवे असल्यास मी याचा तक्ता करून देऊ का?”

 उत्तराखाली एआयने विचारलेला प्रश्नही आपण उतरवला, हे पियुषला मग कळलं आणि त्याचे कान लाल झाले.

“हो, दे,” मधुवंती म्हणाली. “पुढच्या सोमवारी. पण तू स्वतः मोजलेला.”

वर्ग हसून लोळला. हसता हसता तिघाचौघांनी आपापल्या कागदांचं शेवटचं पान हळूच उलटून पाहिलं.

गिरिधर सरांचा नियम सरळ होता. यंत्राकडून लिहून घेतलं तर शून्य, आणि शून्य मिळालं तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही. गुण मात्र मधुवंतीने द्यायचे होते. एआय चालेल की नाही, हे मुलं तिला जुलैपासून विचारत होती आणि ती ‘पाहू’ म्हणत आली होती. पियुषच्या नावापुढची चौकटही तिने कोरीच ठेवली.

कँटीनमध्ये आठवडाभर तोच विषय होता. कॅल्क्युलेटर चालतो तर हे काहून नाही, असं वर्गातल्या भूमिकाचं म्हणणं. वैभवीने ग्रंथालयात बसून सगळं स्वतः लिहिलं होतं. मग आपण काय येडे होतो, असं ती विचारायची. पियुष दिसला की दोघी एकत्र होऊन त्याला ‘तक्ता देऊ का गा’ म्हणायच्या.

सोमवारी तो औष्णिक वीजकेंद्राच्या कोराडीहून बसने आला तो करंजाच्या पानांचं पुडकं घेऊन. फळ्यावर तक्ता काढला आणि हातात काही न घेता बोलू लागला. रविवारी कॉलेजचा तराजू मिळाला नाही, म्हणून तो सोनाराकडे गेला होता. पानं तोलायची, पुसायची, पुन्हा तोलायची. सोनाराने आधी त्याच्याकडे, मग पानांकडे पाहिलं आणि कोणत्या भावाने देतो, असं विचारलं. वर्ग पुन्हा हसला. या वेळी पियुषही हसला.

“ही ओळ रिकामी काहून?” वैभवीने विचारलं.

“त्या झाडावर माकडं बसून राहिले होते.”

मधुवंतीने तोंडावर रुमाल धरला. मग तिने तक्ता नीट पाहिला. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावरच्या झाडापेक्षा वीजकेंद्राच्या वसाहतीमागच्या झाडावर धूळ जास्त होती.

“असं काहून झालं गा?” वैभवीचा आवाज आता चिडवण्याचा नव्हता.

पियुषने हातावरचा खडू झटकला.

“मले नाही मालूम. परत मोजलं, तरी तेवढीच भरली.”

मग वर्गात एकच गलका झाला. रस्त्यावर टँकर पाणी मारतो, त्यात पानं धुतली जात असतील, असं भूमिकाला वाटलं. वैभवीने फळ्यावर वाऱ्याचा बाण काढला; मागच्या बाकावरून कुणीतरी येऊन तो पुसला आणि उलटा काढला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मधुवंतीलाही उत्तर ठाऊक नव्हतं. ती पहिल्या बाकावर, मुलांमध्ये जाऊन बसली.

खडू हातात तसाच ठेवून वैभवी तिच्याकडे वळली.

“पण मॅडम, याले गुण भेटन का शून्यच?”

 पियुष पानं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. एक पान खाली पडलं, ते त्याने उचललं नाही.

“शून्य नाही,” मधुवंती म्हणाली. “एआयला जे विचारायचं ते खुशाल विचारा. पण सेमिनार सगळ्यांचे पुन्हा होतील. कोराडीला, वसाहतीमागच्या त्या झाडाखाली, कागद न घेता. गिरिधर सरांना मी सांगते.”