आकारामचा डावा हात

फळीवर रक्त दिसलं तेव्हा आकारामनं आधी मांजराला शिवी हासडली. बंगल्याच्या मागच्या अंगणात एक पांढरी मांजर फिरायची, तिनंच उंदीर आणून फाडला असणार. त्यानं ओल्या फडक्यानं डाग पुसला, पुन्हा डावा तळवा फळीवर फिरवला आणि पाहिलं, तर तळव्यामागोमाग लाल रेघ ओढली गेलेली. हात उलटा केला. करंगळीखालच्या मांसात काडीएवढं कुसळ खोल घुसलं होतं. रक्त टपटपत होतं आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

त्यानं कुसळ हलवून बघितलं. काही नाही. दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो हात मांडीवर पडून राहिला. भर दुपारी आकारामच्या अंगावर काटा आला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. गडमुडशिंगीहून रोज सायकल मारत तो राजारामपुरीत माईंच्या बंगल्यावर येत होता. माईंचे यजमान अण्णा इंजिनियर. त्यांनी हौसेनं बंगल्यामागं दांडेलीच्या सागाच्या फळ्यांचा मोकळा, बिनछपराचा ओटा करून घेतला होता. अण्णा गेले, तरी दर चार वर्षांनी ओट्याला रंगाचा हात द्यायचा तो आकारामनंच. रंग काय, शेंबडं पोरही फासेल. खरं काम त्याच्या आधीचं. जुना थर खरवडायचा, सोड्याच्या पाण्यानं फळ्या धुवायच्या, चार दिवस वाळू द्यायच्या, वर आलेले खिळे ठोकून आत घालायचे, मग काचपेपर. आणि शेवटी डोळे मिटून तळवा फिरवायचा. "डोळं फसत्यात, हात न्हाय फसत," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. उजव्यात काचपेपर, म्हणून चाचपायला कायम डावा. तोच आता फितूर झाला होता.

तसं वर्षभर कळत होतंच की. चुलीवरची किटली तो डाव्या हातानं सरळ उचलायचा, आणि त्याची बायको बनाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमच्या मालकाच्या हाताला इस्तू बी भाजत न्हाय." तोही मिशीत हसायचा. सोड्यानं कातडं मेलं, म्हणायचा. आज त्याला कोपराजवळचा फिकट चट्टाही आठवला. रगतपिती. महारोगाचं हे नाव त्याला मनातल्या मनातही पुरं उच्चारवेना. गल्लीतल्या पिराजी गवंड्याला झाली होती. सोन्यासारखा माणूस, सुनेनं त्याचं ताट गोठ्यात सरकवलं, आणि एके दिवशी तो नृसिंहवाडीला घाटाच्या पायरीवर बसायला निघून गेला. येत्या गुरुवारी आकारामच्या थोरलीची, शालूची सुपारी फुटायची होती. ही बातमी फुटली तर नेसरीचे पाहुणे वाटेवरूनच माघारी फिरतील, आणि धाकटीलाही कुणी करून घेणार नाही.

"आकाराम, रक्त कसलं रे?" माई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"काय न्हाय ओ माई. कुसळ गेलंय." हात पाठीमागं गेला.

"दाखव बघू."

"नगं! तुमी हात लावू नगासा." आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला.

माईंची सत्तरी उलटली होती, पण नकार ऐकायची सवय अजून लागली नव्हती. त्या आतून चिमटा घेऊन आल्या, पायरीवर बसल्या आणि त्याचं मनगट ओढून मांडीवर घेतलं. आकारामला उठून पळावंसं वाटलं. दुखत नाही हे यांना कळता कामा नये, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. त्यानं तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले, थोडा वेळ जाऊ दिला आणि ओरडला, "आयाया! हळू की माई, लई दुखतंय!"

त्यानं डोळे किलकिले केले. कुसळ जागच्या जागी होतं. माई पदरानं चष्म्याची काच पुसत होत्या आणि चिमटा अजून पायरीवर पडला होता.

"मी अजून काढलंच नाही, आकाराम."

त्याला रडू फुटलं. "माई, पाया पडतो तुमच्या. शालूची सुपारी हाय बेस्तरवारी. कुणाला बोलू नगासा. मी जातो वाडीला निघून. काम अर्धं टाकतोय, तेवढी माफी करा."

भीती माईंनाही वाटली. मनगटावरची त्यांची बोटं सैल झालेली त्याला दिसली. मग ती पुन्हा घट्ट झाली. त्यांनी कुसळ काढलं, जखम धुतली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली.

"याच्यावर गोळ्या मिळतात दवाखान्यात. उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर. वाडीला काय, मागाहून जा."

"आनि लोकं?"

"कुसळ गेलं होतं म्हणावं. खोटं कुठं आहे त्यात?"

माई आत गेल्या. आकारामची भीती काही गेली नव्हती. गोळ्यांनी गुण येतो की नाही कोण जाणे, आणि उजवा तरी किती दिवस साथ देणार? त्यानं उजवा तळवा फळीवर फिरवून बघितला. पण आता त्याचा त्या हातावरही भरवसा बसेना.

शेवटी त्यानं कुणी बघत नाही ना ते पाहिलं, पटका सोडून बाजूला ठेवला, आणि उन्हानं तापलेल्या फळीवर आडवा होऊन गाल टेकवला. हळूच पुढं सरकवला. खरखर लागली. तो उठला, काचपेपर घासला, भुसा फुंकला, पुन्हा गाल टेकवला. या खेपेला फळी नीट लागली. तो पुढच्या फळीकडं सरकला. अजून अकरा राहिल्या होत्या.