श्रगाचा निवाडा

हैफातल्या आमच्या औषधाच्या दुकानात गांजा सीलबंद पाकिटात मिळतो. फोडल्याशिवाय वास घेता येत नाही, आणि फोडलेलं कुणी परत घेत नाही. महिन्याचा कोटा सरकारने ठरवून दिलेला. निवड चुकली की महिनाभर भोगा. म्हणून आम्ही रोग्यांनी एक रिवाज पाडला. एकाने आधी घ्यायचं, समोरच्या बाकावर फोडायचं आणि आमच्यातल्याच म्हाताऱ्या श्रगाने निवाडा द्यायचा.

हा मान श्रगालाच, कारण सुक्कोतच्या आमच्या ज्यू सणाला बिनडागाचं महाळुंग लागतं, आणि सगळी गल्ली आपापलं फळ त्याच्याकडून भिंगाखाली पारखून घेते. तेच भिंग तो गांजाच्या कळीवर धरी, देठ कानाशी मोडी, नाक खुपसून डोळे मिटी. आमचा डॉक्टरपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास होता. डॉक्टर कधी डोळे मिटत नाही.

परवा दोन माल आले, एक गालीलच्या डोंगरातला, एक परदेशी. श्रगाने दोन्ही हुंगले.

"परदेशी घ्या. डोंगरातलं म्हणजे गवत."

माझ्या बायकोच्या, त्सिलाच्या, तळपायांची केमोनंतर आग आग होते. तिचा सगळा कोटा मी परदेशी उचलला. घरी पाकीट फोडलं, तर कळी बोटांत भुकटी झाली. वास वाळल्या चाऱ्याचा. त्सिलाने ओढून पाहिलं. आग तशीच.

"मेनाशे, हे घोड्याला घाल," ती म्हणाली.

सकाळी दोघंही श्रगाकडे गेलो. दार उघडताच लिंबाचा घमघमाट. टेबलावर ताज्या कळ्यांनी भरलेली बरणी, शेजारी डोंगरातल्या मालाची रिकामी पाकिटं.

"हे रे काय, श्रगा?"

"माल थोडाच आला होता," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर मला उरला असता का? माझ्या पाठीत लढाईचं लोखंड आहे, बाबा."

"आणि माझ्या पायांत लोणी?" त्सिला म्हणाली.

"घे ना, दोन कळ्या घे."

त्सिलाने झाकण लावलं आणि बरणी पिशवीत टाकली.

"अगं, सगळी? दुसऱ्याचं औषध नेणं गुन्हा आहे!"

"बोलव पोलिसांना. मी चहा ठेवते."

आमची पाकिटं मी त्याच्या टेबलावर मांडली. "घे, तुझ्याच पसंतीची."

दुपारी त्सिला पायमोजे घालून झोपली. मोज्यांचा स्पर्श तिला किती दिवसांत सोसला नव्हता. तेवढ्यात फोन थरथरला. श्रगा. मी उचलला नाही. त्सिलाला मागणी घालण्याआधी मी सल्ला त्यालाच विचारला होता. तेव्हाही तो डोळे मिटून "नको" म्हणाला होता.