अर्धा नंबर

राखीपौर्णिमेला महेशअण्णानं ओवाळणीत धावण्याचे बूट दिले, तेव्हा श्यामलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. जानेवारीत होणारी मॅरेथॉन धावायची, पूर्ण बेचाळीस किलोमीटर, असं तिनं महिन्यापूर्वी घरात जाहीर केलं होतं. नवरा म्हणाला, "गुडघे सांभाळ." आई म्हणाली, "सत्तेचाळिसाव्या वर्षी?" अण्णा तेवढा काही बोलला नव्हता. आणि आता हा जांभळ्या पट्ट्यांचा, हलका, दोन बोटांत उचलता येईल असा जोड.

अण्णाचं बाजारात चपला-बुटांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. श्यामला त्याच शहरात, धारवाडच्या जोडशहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवायची. गेली दीड-दोन वर्षं ती पहाटे विद्यानगरातल्या घरातून निघून उणकल तळ्यापर्यंत पळत जायची नि परत यायची, तेही साध्या कॅनव्हासच्या बुटांत.

तिनं तिथंच पाटावर बसून नवे बूट घालून पाहिले. "उजवा जरा आवळतोय रे अण्णा. सहाच नंबर आहे ना?"

"तुझा नंबर मला ठाऊक नाही होय? सातवीत असल्यापासून तुला चपला घालतोय मी." तो हसला. "बऱ्याच जणांचा उजवा पाय थोडा मोठा असतो. वापरलास की सैल होईल."

बुटाच्या आत, जिभेवर जिथं नंबर छापलेला असतो तिथं, दुकानाचं छोटं स्टिकर चिकटवलेलं होतं. तिनं मान डोलावून नाडी बांधली.

सराव सुरू झाला. आठवड्यात चार दिवस थोडं थोडं आणि रविवारी लांब. पहिल्यांदा नवनगरपर्यंत, मग रायापूरपर्यंत, मग थेट धारवाडच्या वेशीपर्यंत. शाळेतली निवेदिता पहिले दहा किलोमीटर सोबत यायची. पुढं अण्णा स्कूटरवरून मागं मागं यायचा. केळी, मीठ-लिंबाचं पाणी, गुळाचे खडे. दोन शहरांमधल्या जलद चिगरी बस बाजूनं सुसाट जायच्या, आणि तो हॉर्न वाजवून कन्नडमध्ये ओरडायचा, "ओडू, शामा, ओडू!" पळ, शामा, पळ. लहानपणी वडिलांनी त्याला दुकानात बसवलं आणि हिला शिकवलं, ते त्याच्या मनात राहिलं असेल असं तिला कधी कधी वाटे. पण इतक्या वर्षांत त्यानं तसं कधी दाखवलं नव्हतं. या रविवारांमुळे तर तिला भाऊ नव्यानं मिळाल्यासारखं झालं होतं.

सप्टेंबरात तिच्या उजव्या अंगठ्याचं नख निळं पडलं. ऑक्टोबरात काळं. त्याच्या शेजारच्या बोटाला फोड आला, तो फुटला, पुन्हा आला. डॉक्टरांकडे अण्णाच घेऊन गेला.

"धावणाऱ्यांना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "बूट घट्ट आहेत का?"

ती उत्तर देणार तेवढ्यात अण्णा म्हणाला, "बूट नवे आहेत, डॉक्टर. आमच्याच दुकानातले."

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. तिनं बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या आणल्या, पातळ मोजे घालून पाहिले, नाडी सैल करून पाहिली. उजवा पाय जपून टाकायच्या नादात डावा गुडघा धरला. दर रविवारी घरी आल्यावर अण्णा पायरीवर बसायचा, तिचं पाऊल मांडीवर घ्यायचा आणि नखाला हळद-तेल लावायचा. नवरा थट्टा करायचा, "एवढी सेवा मला नाही मिळाली कुणाकडून."

डिसेंबरात निवेदिता म्हणाली, "श्यामला, दुसरे बूट घे बाई."

"डावा बघ कसा मऊ बसतो. दोष बुटात असता तर दोन्ही लागले असते ना? माझा पायच वाकडा आहे."

शर्यत जानेवारीतल्या एका रविवारी होती. पहाटे पाचला विद्यानगरातल्या मैदानावरून सुरुवात, धारवाडला वळसा, परत तिथंच शेवट. सहा तासांच्या आत पोचायचं. जाताना चढ होता, पण थंडी होती आणि ती छान पळाली. धारवाडला वळताना घड्याळात दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. हिशेबात होतं सगळं.

परतीच्या उतारानं घात केला. उतारावर पाय बुटात पुढं घसरतो. प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या टोकावर आदळू लागला. रायापूर मागं पडलं तेव्हा तिला आत काहीतरी सुटल्यासारखं, ओलं लागलं. ती मोजू लागली, शंभर पावलं पळायची, पन्नास चालायची. मग पन्नास-पन्नास. नवनगरपाशी उजव्या बुटाच्या जाळीवर लाल डाग दिसायला लागला.

अण्णा रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून उभा होता. तिला पाहून धावतच आला. "साकु, शामा. पुरे झालं. गाडीवर बस."

"नऊच राहिलेत."

"रक्त येतंय गं!"

"पायच खोटा माझा, त्याला तू काय करणार?" ती दम घेत म्हणाली. "बाजूला हो."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. काळजीनं असेल, असं तिला वाटलं. पुढचे नऊ किलोमीटर तो स्कूटर ढकलत, कधी चालवत, तिच्या बाजूनं येत राहिला. एकदाही ओरडला नाही.

पाच तास बावन्न मिनिटांनी तिनं शेवटची रेघ ओलांडली. गळ्यात पदक पडलं. निवेदितानं मिठी मारली आणि तिला सरळ औषधोपचाराच्या तंबूत नेलं.

तिथं फिजिओथेरपी शिकणारी वेदश्री नावाची मुलगी होती. तिनं हलक्या हातानं बूट उतरवले. मोज्याबरोबर नखही निघून आलं. ड्रेसिंग झाल्यावर ती बूट बाजूला ठेवायला गेली आणि थबकली. मग तिनं दोन्ही बुटांचे तळवे एकमेकांना लावून धरले.

"मॅडम, इदु नोडी." हे बघा.

टाचा जुळत होत्या. पुढं डावा बूट उजव्यापेक्षा थोडा लांब होता, करंगळीच्या अर्ध्या नखाएवढा. वेदश्रीनं आतली दोन्ही स्टिकरं खरवडून काढली. डाव्यात सहा. उजव्यात साडेपाच.

श्यामला आधी हसलीच. "बघ, माझा पाय सरळ आहे! कंपनीनं गोंधळ घातलाय. अण्णाला सांगायला हवं, त्यांच्याकडून बदलून घेईल. अण्णा, ए अण्णा!"

अण्णा तंबूच्या दारात आला. वेदश्रीच्या हातातले बूट त्याला दिसले. त्यानं ते हातात घेतले नाहीत, काय झालं असंही विचारलं नाही. खाली बघत उभा राहिला.

श्यामलाचं हसू तोंडावरच थांबलं.

"तुला माहीत होतं?"

तो चपलेनं माती उकरू लागला.

"अण्णा, तुला माहीत होतं?"

"एका गिऱ्हाइकानं घाईत चुकीचा जोड नेला," तो पुटपुटला. "एक साडेपाच, एक सहा. परत आलाच नाही. हा उरला होता. कुणाला देता येत नव्हता."

"मग मला दिलास."

"मला वाटलं, पंधरा दिवस पळशील आणि सोडशील. पेटी सोडलीस, पोहणं सोडलंस. एवढ्यासाठी नवा जोड कशाला, असं वाटलं."

"आणि मी सोडलं नाही तेव्हा?"

"दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. दिवाळीआधी नवा सहाचा जोड काढूनही ठेवला तुझ्यासाठी. अजून आहे दुकानात."

"दिला का नाहीस?"

"तू विचारलं असतंस ना, का बदलतोयस म्हणून."

निवेदिता तोंडावर हात धरून बघत होती. श्यामलाला पायाची आग जाणवत नव्हती. डॉक्टरांची खोली तिला आठवत होती, आणि आपण बोलायच्या आधी आलेलं ते उत्तर.

"डॉक्टरांपुढंही बोलला नाहीस," ती म्हणाली. "माझं पाऊल मांडीवर घेऊन हळद लावत होतास. तेव्हा काय येत होतं रे मनात?"

तो रडायला लागला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. वेदश्रीच्या रबरी चपला मागून घेतल्या आणि निवेदिताच्या गाडीतून ती घरी गेली. बूट तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी सुशीलावहिनी नवा जोड घेऊन आली. श्यामलानं तिला चहा दिला आणि खोकं परत दिलं. आठवडाभरानं आईचा फोन आला. "अगं, जेवत नाहीये तो. चूक झाली म्हणतोय. माणसाकडून होते चूक."

"राखीच्या दिवशी झाली ती चूक, आई. पुढचे पाच महिने काय होतं?"



शाळेत तिचा सत्कार झाला. वेळ सांगितली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला त्या दुसऱ्याच कुणासाठी वाजताहेत असं वाटलं. योग्य बुटांत आपण किती वेळात आलो असतो, हा हिशेब गणिताच्या बाईला काही केल्या थांबवता येईना. त्याहून जास्त वेळा ती दुसरंच मोजायची. किती रविवार झाले? बावीस. बावीस वेळा तो शेजारून गेला होता.

एप्रिलमध्ये आईचा रक्तदाब वाढला, तेव्हा तिला अण्णाच्या घरी जावंच लागलं. दार त्यानंच उघडलं. तो खंगला होता. आईची औषधं, तपासण्या, पुढच्या आठवड्यात कुणी थांबायचं, सगळं बोलणं नीट झालं. निघताना तो फाटकापर्यंत आला.

"पाय कसा आहे?"

नवं नख वाकडं येत होतं, मांसात रुतत होतं. डॉक्टर म्हणाले होते, कदाचित कायमचं काढावं लागेल. आजवर तिचं काहीही दुखलं की पहिलं कळायचं ते अण्णाला.

"बरा आहे," ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.