न तापलेला रेडिओ

थोरल्या भावाच्या, दादाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून बाईंना जिन्यातच दमायला झालं. दोन खोल्यांचं घर. एरवी दोन पाहुणे आले तर तिसऱ्यानं उभं राहायचं अशी तिथली जागा, आणि आज मुंगी शिरायला वाव नव्हता. कुणी पलंगावर, कुणी ओट्याला टेकून, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. तिथं टेबलावर वहिनीचा जुना रेडिओ होता आणि त्यातून वहिनी बोलत होती.

वहिनीला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"अहो," खरखरीतून आवाज आला, "जेवलात का?"

"जेवलो गं," दादा म्हणाला. तो अगदी समोरच्या खुर्चीत, शाळेतल्या मुलासारखा हात जोडून बसला होता. खोलीभर सुस्कारे निघाले. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी डोळे पुसले. "अगदी त्यांचाच आवाज हो," त्या शेजारणीच्या कानात म्हणाल्या.

'अहो' म्हणणारी बाई या जगात काय एकच होती, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण दादाचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

रेडिओशेजारी लहरीबाबा बसले होते. पांढरा सफारी आणि गळ्यात हेडफोन. त्यांची वाणी अखंड चालू. "भक्तहो, देह म्हणजे फक्त खोकं. आत्मा म्हणजे लहर. माणूस जातो म्हणजे काय होतं? स्टेशन बदलतं, एवढंच! आजकालच्या मोबाइलला ती पकडता येत नाही, कारण त्यात काचेचे दिवे नाहीत. काच शुद्ध असते. विज्ञानसुद्धा आता हेच म्हणायला लागलंय."

विज्ञानाच्या तोंडी काहीही घालावं, ते बिचारं उलटून बोलत नाही. बाईंनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे त्या काचेच्या दिव्यांचे, रेडिओ दुरुस्त करायचा नाद लागला. लोक माळ्यावरून काढलेली धुळकट खोकी घेऊन यायचे. बाई आतल्या सुकलेल्या वायरी बदलायच्या, कोळ्यांची घरं काढायच्या, व्हॉल्व्ह पुसायच्या. हा रेडिओही त्यांनी दोनदा बरा केला होता. वहिनी गेली तेव्हा मात्र दादानं त्याला हात लावू दिला नाही. आणि अलीकडे कळलं, की लहरीबाबांनी तो 'शुद्धीसाठी' म्हणून आठवडाभर स्वतःच्या केंद्रात नेला होता.

नेऊ देत. दुःखात माणूस काडीचाही आधार घेतो, असं म्हणून बाईंनी तेव्हा कानाडोळा केला होता. आज त्या आल्या होत्या ते दादाच्या पायासाठी. त्याची साखर जुनी. अंगठ्याला जखम झालेली, ती भरत नव्हती, उलट काळी पडत चालली होती. डॉक्टरांनी सकाळी बाईंना फोन करून सांगितलं, "तुमच्या भावानं इन्सुलिन बंद केलंय. असंच चाललं तर अंगठ्यावर भागणार नाही." का बंद केलं हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. बाईंना ते इथं, पुढच्याच क्षणी कळलं.

"अहो," रेडिओ म्हणाला, "त्या सुया टोचून घेऊ नका. त्यानं तुमची लहर जड होते. मग मला येता येत नाही."

"नाही घेत," दादा म्हणाला. "तुला शब्द दिलाय ना."

बाबांनी बटण फिरवलं तसा आवाज बंद झाला आणि रेडिओच्या कपाळावरचा हिरवा दिवा, त्याचा डोळा, विझला. बाबा म्हणाले, "आत्म्याला जरा विसावा देऊ." मग पाणी पिऊन पुन्हा बटण फिरवलं. डोळा टपकन हिरवा झाला आणि वहिनी लगेच म्हणाली, "आले हो."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. इतकं साधं होतं, की त्यांना स्वतःचीच शरम वाटली. गर्दीतून वाट काढत त्या दादाच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसल्या.

"दादा, एक विचारू? वहिनी रेडिओ लावायची तेव्हा काय करायची?"

"आता नको, बेबी," दादा म्हणाला. साठी उलटली तरी त्याच्यासाठी त्या बेबीच होत्या.

"एवढंच सांग. बटण फिरवायची आणि मग?"

"मग खिडक्या लावायला जायची. रस्त्याचा आवाज नको म्हणून." दादाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "आधी ही, मग आतली. आतली लावून होईपर्यंत हा घोंघावायला लागायचा, आणि ती येऊन बसली की बोलायचा."

"का रे इतका वेळ?"

"तापायला लागतो ना त्याला. तूच तर सांगितलं होतंस. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय..." दादा बोलता बोलता थांबला. तो रेडिओकडे बघत राहिला.

बाबांच्या ते ध्यानात आलं. "ताई, आत्म्याला तापावं लागत नाही," ते हसून म्हणाले.

"आत्म्याला नसेल लागत. रेडिओला लागतं. आणि काचेच्या दिव्यांतून बोलतोय असं तुम्हीच म्हणालात." बाईंचा आवाज चढला नाही. चढवायचं त्राण नव्हतं. "दादा, तासभर चाललाय ना हा? वर हात ठेवून बघ."

हिवाळ्यात त्या रेडिओवर वहिनी हात शेकायची. दादानं आपला हात लाकडावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसराही ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला.

"हात काढा!" बाबा उठले. "मागचा पुठ्ठा उघडला, तर ती कायमची जाईल. मग माझ्याकडे यायचं नाही. जबाबदारी तुमची."

पुठ्ठ्याचं नाव अजून कुणी काढलंही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. खोलीत कुजबुज झाली. काकू म्हणाल्या, "राहू द्या ना बाई, कशाला विषाची परीक्षा?" बाईंनी पिशवीतून पेचकस काढला होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. हे दादानंच म्हणायला हवं होतं.

"तो पुठ्ठा ती दर सुट्टीत स्वतः काढायची," दादा हळूच म्हणाला. "ब्रशनं धूळ झटकायची. पुठ्ठ्याला घाबरणारी नव्हती ती." त्यानं डोळे मिटले. "उघड, बेबी."

बाईंनी सवयीनं आधी प्लग काढला. वीज गेली तरी हिरवा डोळा तसाच लुकलुकत राहिला. मग त्यांनी स्क्रू काढून भोकाभोकांचा पुठ्ठा बाजूला केला आणि खोकं लोकांकडे फिरवलं. आत व्हॉल्व्ह होते, पण थंड, काळे, धुळीनं माखलेले. मूळच्या स्पीकरच्या वायरी कापलेल्या. त्याच्या पुढ्यात बॅटरीवरचा एक चिमुकला स्पीकर, एक हिरवा दिवा, आणि त्यांना जोडून रबरानं बांधलेला मोबाइल. फोनवर कुणाशी तरी कॉल चालू होता.

बाई फोनशी वाकल्या. "हॅलो, कोण बोलतंय?"

मग वहिनी अगदी वेगळ्या, घाईच्या सुरात म्हणाली, "महाराज? आवाज येत नाहीये नीट. औषधाचं सांगून झालं. आता पुढच्या बैठकीचं बोलू का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. लहरीबाबा 'इथली कंपनं दूषित झाली' असं काहीतरी पुटपुटत दाराकडे सरकले. त्यांना कुणी अडवलं नाही. लोकही एकेक करून काढता पाय घेऊ लागले, कुणाकडे न बघता, जणू पत्ता चुकून इथं आले होते.

दादा रेडिओच्या उघड्या पाठीकडे बघत होता.

"पण तुझ्या वहिनीच्या हिरव्या शालीचं ही परवा बोलली, ते हिला कसं ठाऊक? माझ्या खोकल्याचं?"

"तू कुणाला सांगितलं होतंस?"

"बाबांनाच. पहिल्या दिवशी. सगळी दुपार ऐकत बसले होते गं. एवढं कुणी ऐकलंच नव्हतं."

बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग उठून त्यांनी फ्रिजमधून इन्सुलिन काढलं, सुई भरली आणि दादापुढे उभ्या राहिल्या.

"तू हे दाखवलं नसतंस, तर ती रोज संध्याकाळी आली असती," दादा म्हणाला.

"आली असती. आणि तुझा पाय गेला असता. मग तूही. अरे, जिनं उभा जन्म तुझ्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, ती तुला औषध सोडायला सांगेल?"

दादानं सदरा वर केला. बाईंनी पोटाला सुई टोचली. त्यानं तोंड वाकडं केलं नाही.

काकू अजून दारातच घुटमळत होत्या. "बाई, हा लबाड निघाला, मान्य," त्या म्हणाल्या. "पण एखादा तरी खरा असेलच की नाही?"

बाईंनी आयुष्यभर या प्रश्नाला उत्तरं दिली होती. वर्गात दिली, लग्नघरांत दिली, दवाखान्याच्या बाकांवर बसून दिली. आज त्यांनी तोंड उघडायच्या आतच उत्तर आलं.

"नाही हो काकू," खुर्चीतून दादा म्हणाला. "खरा असता तर त्यानं उघडून बघू दिलं असतं. जो बघू देत नाही आणि वर औषध बंद करायला सांगतो, त्याच्याकडे कुणाला पाठवू नका. तुमच्या सुनेला नाही, नातवंडांना नाही. माझ्यावर विश्वास ठेवा. ते खरं निघावं असं इथं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं."